अजाण हाताचा दोष

विषय क्षुद्र आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. दिवसभर सरकारी कागदांवर शेरे मारून सायंकाळी चार घटका मातृभाषेच्या सहवासात घालवावयास जे बसतात, त्यांच्यापुढे पाच बदकपिल्लांच्या मृत्यूची हकीकत मांडावी, यात थोडे धार्ष्ट्य आहेच. परंतु थोर विषयांवर लिहिणारे थोर लोक आहेत. आमच्या वाट्याला जे आले त्यावरच आम्ही लिहू शकतो. शिवाय या पाच पिल्लांनी आम्हांस जो प्रश्न घातला, तो इतका क्षुद्र नाही, असे आम्हांस गेले दोन महिने वाटत आले आहे.

अभनपुर हे रायपूरहून धमतरीच्या वाटेवर सुमारे तीस किलोमीटरांवरचे तहसिलीचे गाव. पूर्वी येथून छोट्या रुळांची गाडी जात असे, आणि येथेच तिचा एक फाटा राजिमकडे वळत असे. जुन्या मंडळींना त्या गाडीची अजून आठवण येते. २०२५ च्या मार्चअखेर रायपूरहून येथवर मोठ्या रुळांची गाडी सुरू झाली, आणि आम्हां कारकून मंडळींची रायपूरच्या मराठी घरांशी ये-जा थोडी सोपी झाली. गावाच्या चहूंकडे भाताची खाचरे, मधूनमधून तळी. तळ्याला इकडे 'तरिया' म्हणतात. पावसाळ्यात या तळ्यांवर बदकांचे थवे पाहिले की परमुलखात बदली झाल्याचे दुःख घटकाभर विसरावयास होते. आमच्या सात वर्षांच्या कन्येला तर त्यांचे वेडच लागले. आणि श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी, आमचा सगळा विरोध मोडून काढून, तिने दहा-बारा दिवसांची सहा पिल्ले घरी आणविली.

ज्यांनी बदकाची पिल्ले पाळली नाहीत त्यांना त्यांच्यातील गंमत सांगून कळणार नाही. कोंबडीचे पिल्लू भित्रे आणि स्वार्थी. बदकाचे पिल्लू संसारी. सहा जण नेहमी एका ओळीत, आणि ओळीचा पुढारी ज्या दिशेला जाईल ती दिशा उरलेल्या पाचांना वेदवाक्य. आमच्या कचेरीतही काहीसा असाच प्रकार चालतो, पण तो येथे सांगण्याचे कारण नाही. चहाच्या जुन्या खोक्यात आम्ही त्यांना ठेविले, रात्री ऊब मिळावी म्हणून वर एक दिवा टांगला. त्यांची आई जवळ नसल्याने त्यांना फार वेळ पाण्यात सोडू नये, पिसांना तेलकटपणा आलेला नसतो, ती भिजून गारठतात, हेही आम्ही कोणाकडून तरी विचारून घेतले होते. खाण्याला तांदळाची कणी आणि शेंगदाण्याची पेंड. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पेंड भिजवून ताटलीत घालावयाची, हे काम कन्येचे. तो तिचा अधिकारच होता, आणि अधिकाराबाबत ती कोणत्याही अधीक्षकाइतकीच कडक होती.

पहिली पेंड संपली तेव्हा आम्ही बाजारातून दुसरे लहान पोते आणले. ते पावसाच्या दिवसांत परसातल्या भिंतीशी आठ-दहा दिवस पडून होते. ते उघडले त्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, या पेंडीला कुबट वास येतोय." आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो. वर न पाहताच आम्ही म्हणालो, "पाखरांना कसला आलाय वास! चाळून घ्या म्हणजे झालं." पेंड चाळली गेली. हिरवट गोळे निघाले ते फेकून दिले गेले. उरलेली पेंड चांगली दिसत होती.

पुढे सातव्या की आठव्या दिवशी सकाळी ओळीतले तिसरे पिल्लू मागे पडू लागले. दुपारपर्यंत त्याचे पाय लटपटू लागले. सायंकाळी आम्ही कचेरीतून आलो तेव्हा ते कुशीवर पडले होते. पाय वल्ह्यासारखे हलत होते आणि मान ताणून पाठीवर मागे वळली होती. ती वळलेली मान आम्हांस अजून दिसते. जणू मागून कोणी हाक मारली आहे आणि ते वळून पाहत आहे. रात्री दोन गेली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन. प्रत्येक वेळी तेच, लटपट, कुशीवर पडणे, मागे वळलेली मान. सहावे तेवढे वाचले. ते सर्वांत लहान. बाकीची त्याला ताटलीपासून ढकलून देत, म्हणून कन्या त्याला हातात घेऊन कणी भरवीत असे.

येथील सरकारी पशुवैद्यांकडे आम्ही गेलो ते पाचांना परसात पुरून झाल्यावर. अनुभवी गृहस्थ. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि दोन शक्यता सांगितल्या. सहा आठवड्यांच्या आतील बदकपिल्लांना यकृताचा एक विषाणुजन्य रोग होतो. तो इतका तीव्र असतो की लक्षणे दिसल्यावर पिल्लू तासा-दोन तासांतही जाते, आणि मरताना मान अशीच मागे वळते. दुसरी शक्यता बुरशीच्या विषाची. पेंडीवर वाढणारी एक बुरशी जे विष निर्माण करते, ते बदकपिल्लांना इतर बहुतेक पाळीव प्राण्यांपेक्षा लवकर मारते. पाय लटपटतात, झटके येतात आणि मान त्यातही मागे वळते. दोन्हींचा घाव यकृतावरच. "शव आणले असते तर काही सांगता आले असते," ते म्हणाले. सहावे पिल्लू वाचले, यावरून काही सिद्ध होते काय, असे आम्ही विचारले. त्याने पेंड कमी खाल्ली म्हणून ते वाचले असेल. किंवा रोग त्याला लागला आणि त्याने तो पचवला असेल. ही साक्ष दोन्ही पक्षांना सारखीच उपयोगी. (येथे कोटी करण्याचा आमचा हेतू नाही.)

घरी येताना आमच्या मनाने काय केले ते प्रामाणिकपणे सांगावयास हवे, कारण या लेखाचे सारे कारण तेच आहे. वाटेतच आमच्या मनाने विषाणूची बाजू घेतली. रोग आला, रोगाने पिल्ले नेली, आमचा काय संबंध? घराच्या पायरीवर पाय ठेवीपर्यंत हा निकाल पक्का झाला होता. "बाबा, काय म्हणाले डॉक्टर?" कन्येने विचारले. "आजार आला होता," आम्ही म्हणालो. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "कोणी दिला?" सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पेंडीच्या वासाची आठवण त्यांनी त्या दिवशी करून दिली नाही, पुढेही दिली नाही. हे त्यांचे औदार्य आम्हांस कोणत्याही दोषारोपापेक्षा जड गेले.

आता प्रश्न असा. पेंडीत विष असते हे आम्हांस त्या दिवशी ठाऊक नव्हते. जे ठाऊक नव्हते त्याचा दोष आम्हांस लागतो काय? आणि ज्या लहान हाताने ती पेंड रोज ताटलीत घातली, त्या हाताचे काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी देऊन ठेविले आहे, असे आम्हांस आठवले. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी आश्रमात चोरीचा माल लपविला, मौनव्रती ऋषी काही बोलले नाहीत, आणि राजाने त्यांना चोरांबरोबर सुळावर दिले. पुढे त्यांनी धर्मराजाला जाब विचारला की कोणत्या पापाचे हे फळ. धर्म म्हणाला, बालपणी तू किड्यांना गवताची काडी टोचीत होतास. तेव्हा मांडव्यांनी प्रत्यक्ष धर्मालाच शाप दिला, आणि मर्यादा घालून दिली की चौदा वर्षांच्या आतील कृत्याचे पाप कर्त्याला लागू नये. त्या शापानेच धर्म विदुर होऊन जन्मला. देवाच्या न्यायात माणसाने केलेली ही दुरुस्ती आम्हांस फार मोलाची वाटते. एका ऋषीने वर जाऊन सांगितले की तुमचा कायदा मुलांच्या बाबतीत चुकला आहे, आणि तो बदलून घेतला. आमची कन्या या मर्यादेच्या निम्म्यावर आहे. ती सुटली.

पण आम्ही छत्तिशीचे. आम्हांला मांडव्यांची मर्यादा लागू नाही.

बौद्धांच्या मिलिंदप्रश्नात हाच प्रश्न एक यवन राजा विचारतो, जाणून केलेले पाप मोठे की न जाणता केलेले? कोणीही शहाणा म्हणेल, जाणून केलेले. कायदाही तेच म्हणतो. नागसेन भिक्षू उलट सांगतो, न जाणता केलेले मोठे. राजा थोड्या उपहासाने म्हणतो की मग आमच्या वाड्यातील माणसांनी चुकून अपराध केल्यास आम्ही दुप्पट शिक्षा द्यावी म्हणा! तेव्हा नागसेन त्याला विचारतो, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा एकाने जाणून उचलला आणि एकाने न जाणता, तर कोण अधिक भाजेल? जो जाणतो तो बेताने हात लावतो. जो जाणत नाही तो घट्ट पकडतो. हा दृष्टान्त आम्ही महाविद्यालयात असताना वाचला होता आणि तेव्हा तो आम्हांस चलाखीचा वाटला होता. आज तितका वाटत नाही. विष आहे हे जाणणारा दुष्ट मनुष्यही कदाचित चिमूटभरच घालता. आम्ही आठ दिवस, रोज, पोटभर, प्रेमाने घातले.

तरीही नागसेनाशी आमचे पूर्ण जमत नाही. गोळा उचलणाऱ्याचा स्वतःचाच हात भाजतो. येथे भाजले दुसरेच. भाजणे आणि दोषी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या प्रश्नाच्या अधिक जवळ जैन आचार्य येतात. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे, तिच्यात प्राण घेण्याइतकेच महत्त्व प्रमादाला आहे. मुनी पायाखाली पाहत जपून चालला असता एखादा किडा दैवयोगे चिरडला, तर जैन मताप्रमाणे त्याला बंध नाही. आणि बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली काहीही न मेले तरी तो हिंसक ठरतो. येथे आमची पळवाट बंद झाली. विष होते की नव्हते, हे पशुवैद्य सांगू शकले नाहीत, आता कोणीच सांगू शकणार नाही. परंतु वास आला होता, सांगितले गेले होते, आणि आम्ही वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती, एवढे तर ठरलेले आहे. ते ठरविण्यास शवाची गरज नाही. समजा पिल्ले विषाणूने मेली असतील. तरी ती मान वर न करणे जसेच्या तसे उरते.

आम्हां कारकुनांना हा भेद खरे तर चांगला समजावा. कचेरीत 'नजरचुकीने' हा शब्द आम्ही आठवड्यातून एकदा तरी लिहितो. स्पष्टीकरण मागितले गेले की 'सदर बाब नजरचुकीने राहून गेली' असे लिहावयाचे, आणि प्रकरण फायलीत निजवावयाचे. या शब्दाची खुबी अशी की त्यात चूक नजरेची असते, माणसाची नसते. नजर जणू आमच्या हाताखालचा शिपाई! असो.

अजाणतेपणाविषयी विचार करताना आमच्या वाचनात आणखी एक गोष्ट आली, ती मात्र मनाला चटका लावून गेली. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. बदकपिल्लेही मेली. आधी रोगाला नाव नव्हते. शोध घेता घेता धागा पोहोचला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत, आणि तिच्यावरच्या बुरशीच्या विषापर्यंत. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष डोळ्यांना दिसत नाही, चाळून निघत नाही, आणि साध्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. म्हणजे आम्ही गोळे फेकून जे उरले ते निर्दोष मानले, तो सारा विधी व्यर्थच होता. मग एखाद्या धान्यात विष आहे की नाही हे त्या काळी कसे ओळखीत? एक दिवसाच्या बदकपिल्लांना त्याचा अर्क पाजून, आणि त्यांचे यकृत तपासून. विषाचे मापच मुळी बदकपिल्लू होते. माणसाचे अजाणतेपण घालविण्यासाठी ही पिल्ले खर्ची पडली. आणि त्यांनी मिळवून दिलेले ज्ञान साठ वर्षांनंतरही अभनपुरच्या एका पदवीधराच्या घरी पोहोचले नव्हते. ते छापलेले होते, शिकविले जात होते. आम्ही विचारले नव्हते इतकेच.

ही केवळ पाखरांची गोष्ट नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत, मक्याच्या पिकावर अवेळी पाऊस पडल्यानंतर, आदिवासी वस्त्यांत काविळीची साथ पसरली. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या घरचीच भाकर खाणारी कुत्रीही मेली होती. दाणा काळा पडला आहे हे त्या लोकांना दिसत नव्हते असे नाही. दुसरा दाणा घरात नव्हता. येथे अजाणतेपण म्हणावे तर ते कोणाचे? खाणाऱ्याचे तर खचित नाही. आम्हांला दुसरी पेंड आणण्यास अडचण काहीच नव्हती. म्हणून आमच्या प्रमादाला गरिबीचाही आधार घेता येत नाही.

जाणून मारण्याचे उदाहरणही आपल्या महाराष्ट्रात घडले आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्ल्यू सापडला. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे अनेक वाचकांनी प्रवासात पाहिले असेल. तेथील कुक्कुटशाळांतून लक्षावधी कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. त्यांतल्या बहुसंख्य त्या दिवसापर्यंत धडधाकट असतील. ज्या सरकारी कर्मचाऱ्यांनी ते काम केले, ते तोंड झाकून, हुकूम घेऊन, जाणूनबुजून मारीत होते. त्यांचे कर्म भयंकर होते. तरी त्यांना आम्ही हिंसक म्हणू धजत नाही. त्यांनी पाहून, मोजून, दुसऱ्यांचे प्राण वाचविण्यासाठी ते केले. सुळावरच्या मांडव्यांना विचारले असते तर ते काय म्हणाले असते ते सांगवत नाही. पण लक्ष कोंबड्या मारणारा तो अनाम कर्मचारी आणि पाच पिल्लांवर माया करणारे आम्ही, यांत अधिक जागरूक कोण होता, हे आम्हांस स्पष्ट दिसते.

इतका विचार झाला तरी कन्येला आम्ही काही सांगितले नव्हते. तिला सांगावे तर ती विचारणार, पेंड कोण घालीत होते? मांडव्यांनी घातलेली मर्यादा सात वर्षांच्या मुलीला समजावून कशी सांगावयाची? तिच्या हाताला दोष नाही हे आम्ही शंभरदा म्हटले असते तरी तिने आपल्या हाताकडे पाहिले असते. म्हणून गप्प राहणे हेच दयेचे, असे आम्ही मानीत होतो. या दयेत आमचीही थोडी सोय होती, हे आम्हांस कळत नव्हते असे नाही.

तो प्रश्न आमच्या विचाराने सुटला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईमुळे सुटला. तिला सारी आळी 'डोकरी दाई' म्हणते. तिची गाय नुकतीच व्यालेली. एका रविवारी सकाळी ती कुंपणाशी आली आणि भिंतीशी पडलेल्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ओ खरी ला मोला दे दे बाबू, मोर गाय खाही." बदके तर राहिली नाहीत, पेंड वाया का जावी, एवढाच तिचा साधा हिशेब. कन्या पायरीवर बसून सहाव्या पिल्लाला कणी घालीत होती.

गाय हे विष पचविते, पण त्याचा अंश दुधात उतरतो, हे आम्ही याच दोन महिन्यांत वाचले होते. दाईचा नातू त्या दुधावर वाढतो. पोते नाकारावयाचे तर कारण द्यावयास हवे. पोते संपले, दुसऱ्याला दिले, अशी दोन-तीन उत्तरे जिभेवर आली देखील. पण पोते सर्वांच्या समोर होते. आम्ही म्हणालो, "दाई, ती पेंड खराब आहे. तिला बुरशी लागली होती. त्यानेच आमची पिल्लं मेली असावीत. गाईला घालू नका." दाईने एकवार पोत्याकडे पाहिले, एकवार आमच्याकडे, आणि "हव" म्हणून मान हलविली.

पायरीवरून आवाज आला, "बाबा, ती पेंड मीच घालत होते ना?"

"तू घालत होतीस," आम्ही म्हणालो. "पण घालायला मी सांगितलं होतं. आईनं मला वास येतो म्हणून सांगितलं होतं, आणि मी उठून पाहिलं नाही. तुला ते कोणी सांगितलं नव्हतं."

ती काही बोलली नाही. रडेल असे वाटले होते, रडली नाही. थोड्या वेळाने तिने एवढेच विचारले, "मग आता त्या पोत्याचं काय करायचं?"

हा प्रश्नही सोपा नव्हता. तळ्यात टाकावे तर तेथे मासे आणि लोकांची बदके. उकिरड्यावर टाकावे तर शेळ्या येतात. शेवटी पाचांच्या शेजारीच खोल खड्डा खणावयाचे ठरले. दाईने आपल्या घरून फावडे आणून दिले. माती पावसाने मऊ झाली होती, तरी आम्हांस खणण्याची सवय नसल्याने अर्धा तास लागला. पोते उलटे केले तेव्हा काही दाणे कडेला सांडले. कन्या सहाव्या पिल्लाला दोन्ही हातांत घट्ट धरून लांब उभी होती. शेवटचा सांडलेला दाणा आम्ही वेचून खड्ड्यात टाकला आणि त्यावर माती ओढली, तेव्हा कोठे तिने त्याला खाली सोडले.